ओढायची की चालवायची? कोकणात आधी वाट मोजायची

ताई, तुमच्या प्रश्नातलं सगळ्यात कामाचं वाक्य तुम्ही अगदी शेवटी, जाता जाता लिहिलंय: 'गुहागरकडे कलमांची बाग आहे, घर मात्र सामायिक आहे.' गाडी कुठली घ्यायची याचं निम्मं उत्तर तिथेच आहे. बाकीचं तुमच्याच शब्दांत असं: तुम्ही दोघं साठीच्या आसपास, गाडी दोघांनाही येते, दारात डिझेल एसयूव्ही आहे. दिवाळी झाली की ठाण्याहून निघायचं, शिमग्यापर्यंत गावी राहायचं, मधूनमधून मालवण-वेंगुर्ल्यापर्यंत फिरून यायचं, मे महिन्यात नातवंडं येणार. आणि आता गाडीमागे जोडून ओढायची कॅराव्हॅन घ्यावी, की इंजिनासकट घर असलेली मोटरहोम, यावर घरात दोन तट पडलेत.

मी चिपळूणच्या बाजूला गाड्यांच्या आत पलंग, ओटा, संडास, टाक्या, वायरिंग बसवायचं काम करतो. दोन्ही प्रकार हाताखालून गेलेत, दोन्ही रस्त्यावर चालवलेत. कोकणात रोज गाव बदलत फिरायचं असेल तर मी डोळे मिटून छोटी मोटरहोम सांगतो. पण तुमचं लिहिणं वाचून वाटतं, की तुमच्या बहुतेक रात्री बागेतच जाणार. तसं असेल तर ओढायची कॅराव्हॅन तुमच्या जास्त उपयोगाची. अट एकच आहे आणि ती कडक आहे. ती बागेपर्यंत पोचली पाहिजे.

कॅराव्हॅनवाले एक मुद्दा हटकून सांगतात, की एकदा जागेवर लावून सोडली की गाडी मोकळी. हर्णैला मासळीच्या लिलावाला जा, गुहागरच्या बाजाराला जा, घर जागच्या जागी राहतं. मोटरहोममध्ये दूध आणायला निघायचं तरी गॅस बंद करा, कपबशा कपाटात घाला, बाहेरची वायर गुंडाळा, पायरी आत घ्या, खिडक्या लावा. मुद्दा खरा आहे. पण तो ज्या देशांतून आला तिथे सपाट, आखलेल्या जागा असलेले कॅम्प जागोजागी असतात. आपल्याकडे शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, एमटीडीसीची (राज्याच्या पर्यटन महामंडळाची) निवासं हरिहरेश्वर, वेळणेश्वर, गणपतीपुळे, तारकर्ली इथे आहेत, तिथे आधी फोन करून विचारता येतं. त्यापलीकडे आपली भिस्त घरगुती निवासांच्या अंगणावरच. घरमालक 'लावा की खुशाल' म्हणतो, पण त्याच्या अंगणात तुळशीवृंदावन असतं, विहीर असते, सुपारी वाळत घातलेली असते. तिथे एक गाडी शिरते. गाडी आणि तिच्यामागे आणखी एक खोली शिरत नाही.

आता लांबीचा हिशेब बघा. तुमची एसयूव्ही पावणेपाच मीटरच्या आत असेल. दोघांची, छोटा संडास असलेली कॅराव्हॅन पुढच्या दांड्यासकट साडेपाच-सहा मीटर होते. म्हणजे साडेदहा मीटर लांब, मधे सांधा असलेलं धूड. रुंदी सव्वादोन मीटरच्या आसपास. आणि समुद्राकाठच्या गावांतला रस्ता कसा असतो ते तुम्हाला मी सांगायला नको. दोन्ही बाजूंना चिऱ्याचे गडगे, म्हणजे जांभ्या दगडाच्या कुंपणभिंती, गडग्याला लागून माड-पोफळी, वर फणसाची फांदी.

सरळ रस्त्यावर काही होत नाही. अडचण वळणावर होते, आणि ती कशी होते हे समजून घ्या. गाडीची मागची चाकं पुढच्या चाकांपेक्षा थोडी आतून जातात, हे तुम्हाला सवयीने माहीत आहे. कॅराव्हॅनचा अ‍ॅक्सल (चाकांचा आस) त्याहूनही आत जातो. तुम्ही स्टिअरिंगवर बसून वळण सुरेख घेतलंय, गाडी गडग्यापासून हातभर लांब आहे, आणि त्याच वेळी मागे कॅराव्हॅनचं आतलं चाक गडग्याच्या पायावर चढत असतं. आरशात ते दिसेपर्यंत खालचा चिरा निखळलेला असतो. म्हणून ओढताना वळणात उशिरा शिरायचं, गाडी बाहेरच्या कडेला नेऊन मगच वळवायची. पण त्यासाठी बाहेरच्या कडेला जागा लागते. तिथे गटार असतं.

वर समोरून एसटी आली तर कुणीतरी मागे घ्यायला हवं, आणि एसटी मागे घेत नाही. ट्रेलर मागे घेताना सगळं उलटं चालतं. मागचं टोक डावीकडे न्यायचं तर स्टिअरिंग आधी उजवीकडे, आणि ते वळायला लागलं की लगेच त्याच्यामागे जायचं. नाहीतर गाडी आणि कॅराव्हॅन घडीच्या चाकूसारखी मिटते आणि दांडा बंपरला भिडतो. हे शिकता येतं, अवघड नाही. शाळेच्या किंवा मंदिराच्या रिकाम्या मैदानावर चार-दोन सकाळी घालवल्या की हात बसतो. दोघांनीही शिका. एकाने उतरून मागे उभं राहायचं, आणि 'येऊ दे येऊ दे' असं मोघम ओरडायचं नाही, हाताने बाजू दाखवायची. यावरून नवरा-बायकोत जेवढी भांडणं होतात तेवढी बाकी कशावरूनच होत नाहीत, हे मी गिऱ्हाइकांच्या अनुभवावरून सांगतो.

तुमची कॅराव्हॅन बागेत पोचेल का, हे कळायची माझी एक साधी परीक्षा आहे. गावात विचारा, बागेच्या शेजारी कुणी अलीकडे घर बांधलं तेव्हा चिऱ्याचा ट्रक कुठपर्यंत आला होता? ट्रक आत येऊन, वळून, तोंड फिरवून बाहेर गेला असेल तर तुमची कॅराव्हॅन जाईल. चिरे बाहेर उतरवून छोट्या टेम्पोने किंवा डोक्यावरून आत नेले असतील तर नाही जाणार. आंब्याच्या पेट्या भरायला टेम्पो थेट कलमांत येतो की रस्त्यावर थांबतो, हाही तसाच पुरावा. त्यानंतर टेप घेऊन मोजा. फाटकाची आतली रुंदी तीन मीटरच्या खाली असेल आणि फाटकासमोरच काटकोनात वळायचं असेल तर एक खांब काढावा लागेल. वरची उंचीही बघा. घरांना गेलेल्या विजेच्या सर्व्हिस वायरी मधेच लोंबत असतात. त्या बांबूने उचलून गाडी खालून काढायचा उद्योग करू नका, वायरमनला सांगून वर घ्यायला लावा.

खाड्यांचं वेगळं आहे. रेवस ते रेडी या सागरी महामार्गावर पूल वाढताहेत, तरी अजून दिघी-आगरदांडा, वेश्वी-बागमांडला, दाभोळ-धोपावे आणि जयगड-तवसाळ या फेरीबोटी तुमच्या वाटेत येणारच. मोटरहोम फेरीवर सरळ चढते. कॅराव्हॅन चढताना भरती-ओहोटी बघायची. ओहोटी असली की बोट खाली बसते, धक्क्याचा उतार आणि बोटीचा रॅम्प यांच्यात मधे एक खाच तयार होते. गाडी खाली उतरून रॅम्पवर चढू लागते तेव्हा हिच, म्हणजे गाडीमागचा जोडणीचा गोळा बसवलेला भाग, सगळ्यात खाली असतं, आणि त्याच्या शेजारी असतं कॅराव्हॅनचं पुढचं छोटं चाक. ते नीट वर ओढून आवळलेलं नसेल तर रॅम्पच्या लोखंडी कडेला अडकतं, आणि मग ना पुढे ना मागे, मागे हॉर्न. माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या कॅराव्हॅनचं हे चाक वाकलेलं दिसलं की मी विचारतो, कुठल्या फेरीवर? बहुतेक वेळा उत्तर मिळतं. त्यात गर्दी असली की बोटीवरचा माणूस गाडी उलटी लावायला सांगू शकतो. भरती अर्ध्याच्या वर असताना जायचं, आणि आधी उतरून रॅम्प बघायचा, एवढं केलं तरी पुष्कळ.

पण यातलं काहीही तुम्हाला वर्षातून दोनदाच करायचं असेल, दिवाळीला नेताना आणि पावसाआधी आणताना, तर तो त्रास त्रास राहत नाही. महामार्गाने चिपळूणपर्यंत यायचं, तिथून गुहागर. कशेडीला आता बोगदा आहे, त्यामुळे जुन्या घाटाची वळणं टळतात. परशुराम घाट उतरताना मात्र गिअर खालचा ठेवा, ब्रेकवर पाय ठेवून उतरू नका. कॅराव्हॅनचे ब्रेक दांडा मागे दाबला गेला की आपोआप लागतात. तुम्ही सतत हलका ब्रेक दाबत उतरलात तर तेही सतत लागलेले राहतात आणि ड्रम तापून बसतात. याच्या उलट, तुम्ही जर म्हणत असाल की नाही, आम्ही दर दोन-तीन दिवसांनी मुक्काम हलवणार, आज केळशी, परवा हेदवी, मग आरे-वारे, मग कुणकेश्वर, तर वरचं सगळं तुमच्या रोजच्या वाट्याला येणार. सागरी रस्ता म्हणजे खाडीला उतरायचं आणि पुन्हा सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या पठारावर, चढायचं, दिवसभर हेच. तिथे ओढायच्या गाडीचा नाद करू नका.

आता वजन. इथे मी जरा पाल्हाळ लावणार आहे, कारण कॅराव्हॅनचे अपघात पुष्कळदा याच्यामुळे होतात आणि विकणारा याबद्दल फारसं बोलत नाही.

पहिलं म्हणजे तुमच्या एसयूव्हीचं पुस्तक काढा आणि ब्रेकवाला ट्रेलर किती किलोपर्यंत ओढता येतो तो आकडा शोधा. आकडाच नसेल तर विषय संपला, त्या गाडीला हिच लावायचं नाही, गॅरेजवाला कितीही 'होतं हो' म्हणाला तरी. आकडा असेल तर तो आणि ब्रिटनमध्ये नवशिक्यांना सांगतात तो नियम, दोन्ही लावून बघा: भरलेली कॅराव्हॅन गाडीच्या रिकाम्या वजनाच्या ८५ टक्क्यांवर जाऊ नये. तुमची गाडी १९०० किलो धरली तर १६१५ किलो झाले. ही सपाट, रुंद रस्त्यांची मर्यादा आहे. कोकणच्या चढ-उतारांना मी १३५० किलोच्या वर जाऊ देत नाही. रिकामी कॅराव्हॅन ११०० किलोची असेल तर सामानाला अडीचशे किलो उरले. त्यात ८० लिटरची पाण्याची टाकी भरलीत तर ८० किलो तिथेच गेले. म्हणून पाणी गावात पोचल्यावर भरायचं.

दुसरं, हिचच्या गोळ्यावर पडणारं वजन. युरोपीय पद्धतीच्या कॅराव्हॅनला ते भरलेल्या वजनाच्या ५ ते ७ टक्के ठेवतात, म्हणजे १३५० किलोला साधारण ६८ ते ९५ किलो. हे मोजायला यंत्र लागत नाही. घरातला वजनकाटा सपाट जमिनीवर ठेवा, त्यावर लाकडाचा मजबूत ठोकळा उभा करा. कॅराव्हॅनच्या चाकांना पुढून-मागून ठोकळे लावा, पुढचं छोटं चाक हळूहळू वर घ्या, म्हणजे दांड्याचं टोक त्या ठोकळ्यावर टेकेल. कॅराव्हॅन समतल आहे ना ते बघून आकडा वाचा. ७५-८० च्या आसपास आला की उत्तम. तो आकडा गाडीच्या हिचला मान्य असलेल्या वजनात बसतो का तेही बघा.

वजन कमी पडलं, म्हणजे सामान मागे जास्त गेलं, की कॅराव्हॅन वेगात डोलायला लागते. आधी थोडी, मग गाडीचं शेपूट ओढायला लागते. शिमग्याला रिकामे परतणारे सुखरूप पोचतात. मे महिन्यात परतताना मागच्या पलंगाखाली हापूसच्या पेट्या रचल्या जातात, कारण तिथे जागा असते. तेच चुकतं. जड सामान खाली आणि अ‍ॅक्सलच्या वर किंवा किंचित पुढे ठेवायचं. पेट्या गाडीच्या डिकीत, चादरी-उशा मागच्या पलंगाखाली. आणि डोलायला लागलीच तर ब्रेक दाबायचा नाही, स्टिअरिंगने उलटसुलट सावरायचं नाही, एक्सलरेटर सोडून स्टिअरिंग सरळ धरायचं. ती आपोआप शांत होते. महामार्गावर ६० आणि सागरी रस्त्यावर ४० हा माझा वेग आहे. मागचे हॉर्न देतात, देऊ देत. डिझेलही जास्त जातं. लिटरला बारा-तेरा देणारी गाडी ओढताना आठ-नऊवर येते.

मोटरहोममध्ये यातली बरीच डोकेदुखी नाही. साडेपाच-सहा मीटरची, टेम्पो ट्रॅव्हलरच्या छोट्या चेसिसवरची गाडी जिथे पाण्याचा टँकर जातो तिथे जाते, आणि मागे घेताना ती गाडीसारखीच जाते. सात मीटरच्या घरातली मोठी मात्र घेऊ नका. आत ऐसपैस वाटते, पण गावात गेल्यावर रस्त्यावरच मुक्काम करावा लागतो. या चेसिसचा दुसरा फायदा असा, की सुटे भाग आणि मिस्त्री तालुक्याच्या ठिकाणी मिळतात. कॅराव्हॅनचं कपलिंग (हिचच्या गोळ्यावर बसणारा भाग), बेअरिंग परदेशी मापाचं असलं तर भाग येईपर्यंत बसून राहायचं. तुम्ही कॅराव्हॅन घ्याल तेव्हा बनवणाऱ्याला आधीच सांगा, की बेअरिंग आणि टायर इथल्या बाजारात मिळणाऱ्या मापाचेच हवेत.

आणि तुम्ही लिहिलं नाहीत, पण साठीनंतर विचारायलाच हवं ते संडासाचं. गाडी कडेला घेतली की मोटरहोममध्ये चार पावलांवर सोय असते, पावसात उतरावं लागत नाही. ज्यांना वारंवार जावं लागतं त्यांच्यासाठी एवढ्या एका कारणाने मोटरहोम जिंकते. कॅराव्हॅनमध्येही थांबून जाता येतं, पण त्यासाठी साडेदहा मीटरला कडेला जागा हवी. चालत्या कॅराव्हॅनमध्ये मात्र कुणीही बसायचं नाही, नातवंडांनी कितीही हट्ट केला तरी. मोटरहोममध्येही मुलं पट्टा असलेल्या मंजूर सीटवरच, पलंगावर लोळत नाही.

मोटरहोमचा खरा तोटा गाडी बंद पडली की कळतो. ती गॅरेजला गेली म्हणजे घर गॅरेजला गेलं. मग तुम्ही लॉजवर.

कागदपत्रांचं थोडक्यात. ट्रेलरची स्वतंत्र नोंदणी लागते, आणि ओढणाऱ्या गाडीचा नंबर ट्रेलरच्या मागे दिसला पाहिजे. विमाही दोन्हींचा बघायचा. मोटरहोम घेताना आरसीवर वाहनाचा प्रकार 'मोटर कॅराव्हॅन' किंवा 'कॅम्पर व्हॅन' आहे ना ते तपासा. मोटर कॅराव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे मानक आहे, त्याप्रमाणे मंजुरी घेतलेल्या बांधणीवाल्याकडूनच घ्या. जुनी प्रवासी व्हॅन घेऊन आत पलंग ठोकून देतो म्हणणारे पुष्कळ आहेत, आणि माझ्या धंद्यातलेच आहेत. पण मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे मनाला येईल तसे फेरबदल चालत नाहीत, आणि सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये ते स्पष्ट केलंय. अपघात झाला की विमा कंपनी पहिलं बोट तिथेच ठेवते. लायसनची काळजी नको, एकूण वजन ७५०० किलोपर्यंतच्या गाडीला तुमचं एलएमव्ही (हलक्या मोटार वाहनाचं लायसन) चालतं.

आता बागेत राहण्याचं बोलू. कॅराव्हॅन बागेत नेऊन ठेवायचं सगळ्यात मोठं सुख मी शेवटी सांगतोय. सातबाऱ्यावर सतरा नावं असलेल्या जागेत तुम्ही एक खोली बांधायला काढलीत की दुसऱ्या दिवशी बोरिवलीहून फोन येतो. चाकांवरची खोली उभी केली तर कुणाच्या पोटात दुखत नाही, कारण ती उद्या नेता येते. हे सुख टिकवायचं असेल तर ती चाकांवरच राहू द्या. चौथरा घातलात, पक्की शेड चढवलीत, नळ कायमचा जोडलात, तर भाऊबंद आणि ग्रामपंचायत दोघंही ते बांधकाम समजून विचारायला येतील.

जागा मात्र विचारपूर्वक निवडा. माडाखाली नाही, हे उघड आहे. नारळ राहू द्या, नुसती सुकलेली झावळ पडली तरी छतावरची खिडकी फुटते. कलमाखालीही नाही, आणि हे शहरातून आलेल्यांच्या लक्षात येत नाही. मोहराच्या दिवसांत तुडतुड्यांचा चिकटा खाली सांडतो, त्यावर काळी बुरशी धरते, आणि मग छत महिनाभर घासलं तरी साफ होत नाही. शिवाय तुम्ही राहणार तेच फवारणीचे दिवस. राखणदाराला विचारून फवारणीचे दिवस लिहून घ्या, त्या दिवशी खिडक्या, छताची झाकणं बंद करून गाडीने बाहेर पडा. इथे मोकळी गाडी उपयोगी पडते. बागेच्या कडेला, वाऱ्याच्या वरच्या बाजूला, मोकळ्या सड्यावरची कातळाची जागा मिळाली तर तीच घ्या. वानरं मात्र तिथेही येतील आणि सोलरच्या पत्र्यावर उड्या मारतील. पॅनल छतावर बसवण्यापेक्षा घडीच्या स्टँडवर घ्या, म्हणजे सावलीतून उन्हात हलवताही येतात आणि रात्री आत ठेवता येतात.

विजेचा हिशेब असा. ४०० वॅटची पॅनल थंडीच्या चांगल्या उन्हात दिवसाला दीड युनिटच्या आसपास देतात. पंखा, दिवे, मोबाइल, बारा व्होल्टचा कॉम्प्रेसरवाला फ्रीज यांना तेवढं पुरतं, १२.८ व्होल्टच्या १०० अँपिअर-अवरच्या दोन लिथियम बॅटऱ्या घ्या. डिसेंबर-जानेवारीत एसी लागत नाही. मे महिन्यात नातवंडांना लागणारच, आणि एक टनाचा इन्व्हर्टर एसी रात्रीत चार-पाच युनिट खातो. ते या बॅटऱ्यांवर होत नाही. बागेतल्या पंपाच्या शेती कनेक्शनवरून वायर ओढू नका, तो अनधिकृत वापर ठरतो. सामायिक घरातून, हिशेबाचं मीटर लावून, १६ अँपिअरच्या प्लगवरून २.५ चौरस मिलिमीटरची वायर घ्या, अर्थिंग तपासा, आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) बसवा. वायरचं रीळ पूर्ण उलगडायचं. गुंडाळलेलं ठेवून त्यावर एसी चालवला तर वायर तापून वितळते.

संडासाला कॅसेट, म्हणजे काढून नेता येणारी मैल्याची टाकी, घ्या, १७ ते २० लिटरची. दोघांना दोन-तीन दिवस पुरते, आणि घराच्या सेप्टिक टँकमध्ये ओतता येते. त्यात घालायचं औषध फॉर्मल्डिहाइडचं नको, एन्झाइमचं घ्या, नाहीतर टँकमधले जिवाणू मरतात. पऱ्ह्यात (ओढ्यात) किंवा खाडीत ओतणारे मी पाहिलेत. त्यांच्यामुळेच उद्या कुणी अंगणात गाडी लावू देणार नाही. गॅस ५ किलोचा छोटा सिलिंडर पुरे. एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने सिलिंडरच्या कप्प्याला तळाशी भोक असतं. मुंग्या येतात म्हणून ते बुजवू नका, बारीक जाळी लावा.

समुद्रावर गाडी नेण्याचा मोह दोन्ही प्रकारांत सारखाच वाईट. ओल्या वाळूवर गाडी चालते, थांबली की बसते, आणि उधाणाची भरती थांबत नाही.

खारी हवा आणि पाऊस यांचं मात्र गंभीरपणे घ्या. चेसिस गरम जस्तात बुडवून गॅल्वनाइझ केलेली हवी, नुसता चंदेरी रंग दिलेली नको. आतलं फर्निचर मरीन प्लायचं. पार्टिकल बोर्ड इथल्या एका पावसात पावासारखं फुगतं. अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्यात साधे लोखंडी स्क्रू मारलेले असतील तर दोन धातूंच्या सांध्यात गंज आतून सुरू होतो, एखादा स्क्रू काढून बघा. समुद्राजवळून आल्यावर खालची बाजू गोड्या पाण्याने धुवायची, चाकांच्या ड्रमभोवती विशेष.

पावसाळ्यात बागेत ठेवायची असेल तर खाली पेव्हर ब्लॉक, चाकं जमिनीपासून उचललेली, हँडब्रेक सोडलेला. ओढलेला ठेवला तर सप्टेंबरपर्यंत ब्रेकच्या पट्ट्या ड्रमला चिकटतात. चाकांना ठोकळे लावा. गाद्या उभ्या करून ठेवा, कपाटांची दारं उघडी, आणि महिन्यातून एकदा कोरड्या दिवशी कुणाला तरी सगळं उघडून हवा द्यायला सांगा. प्लास्टिक पांघरून घट्ट बांधून ठेवलीत तर आत बुरशीचं शेत होतं. मोटरहोम असती तर ती पावसात ठाण्याला न्यावी लागली असती, आणि तीन मीटर उंचीची गाडी तुमच्या सोसायटीच्या पोडियमखाली शिरत नाही. हा प्रश्न बहुतेक जण गाडी घेतल्यावर सोडवायला बसतात.

मालवण-वेंगुर्ल्याच्या फेऱ्या? त्या एसयूव्हीने करा आणि रात्री घरगुती निवासात राहा. दोन गाद्या आणि गरम तांदळाची भाकरी तिथे मिळतेच, त्यासाठी घर ओढत न्यायचं कारण नाही. घरातल्या दुसऱ्या तटाचं समाधान करायचं असेल तर एक आठवडा मोटरहोम भाड्याने घ्या, आणि तीच वाट धरा: दिवेआगर, वेळास, दाभोळची फेरी, गुहागर. चौथ्या दिवशी सकाळी अंथरूण-पांघरूण घडी करताना दोघांच्या चेहऱ्यावर काय आहे ते एकमेकांनी बघा. उत्साह असेल तर माझं ऐकू नका, छोटी मोटरहोम घ्या.

नाहीतर पुढच्या वेळी गावी जाल तेव्हा फाटकाची रुंदी, त्याआधीच्या शेवटच्या वळणावर गडग्यापासून गडग्यापर्यंतचं अंतर आणि गाडीच्या पुस्तकातला ओढण्याचा आकडा एवढं लिहून पाठवा. वळणाचा फोटोही काढा, माणूस शेजारी उभा करून, म्हणजे अंदाज येईल. मग किती लांबीची कॅराव्हॅन बसेल ते सांगतो.